स्वतः जोडलेला मायक्रोस्कोप दुसऱ्याच्या हातात कसा द्यायचा

लाइटशीट मायक्रोस्कोप जोडायला आम्हाला दोन वर्षं लागली आणि तो आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला वापरता येईल असा करायला त्यानंतर अजून अडीच. पहिल्या दोन वर्षांवर पेपर निघाला, पोस्टर झालं, टाळ्याबिळ्या झाल्या. नंतरच्या अडीच वर्षांबद्दल कुणी काही विचारत नव्हतं. आता मात्र पुण्यातल्याच तीन-चार लॅबमधून फोन येऊन गेले की आम्हीपण असं काहीतरी जोडलंय आणि डिपार्टमेंट म्हणतंय बाहेरच्यांना खुलं करा, तर कसं करायचं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

ज्यांना लाइटशीट माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सॅम्पलमध्ये बाजूने लेझरचा पातळ पापुद्रा घुसवायचा आणि त्याच्या काटकोनात कॅमेरा लावून बघायचं, म्हणजे जेवढा थर बघतोय तेवढाच उजळतो, बाकीचं सॅम्पल अंधारात राहतं आणि उगाच जळत नाही. कल्पना जुनी आहे, झिगमोंडी आणि झिडेनटॉफ यांनी १९०३ च्या सुमाराला असाच बाजूने उजेड टाकून काचेतले सोन्याचे कण बघितले होते, पण जिवंत भ्रूण बघायला ती नीट वापरात आली २००४ नंतर, जर्मनीतल्या हायडलबर्गच्या ईएमबीएल या जीवशास्त्र संस्थेतल्या कामामुळे. आमचा सेटअप त्याच घराण्यातला. ऑप्टिकल टेबलवर उघडा पसरलेला, झाकण नाही, कंपनीचा लोगो नाही, मॅन्युअल नाही. मॅन्युअल म्हणजे मी.

मग तयार मिळेपर्यंत थांबावं की, असं कुणी म्हणेल. थांबता येतं, पण किती ते बघा. लॅटिस लाइटशीट या पुढच्या प्रकाराचा पेपर २०१४ चा, आणि झाईस कंपनीने त्याचं सॅम्पल ठेवा-बटण दाबा छापाचं मॉडेल आणलं २०२० ला. दरम्यानच्या काळात ज्यांना ते तंत्र हवं होतं त्यातल्या बऱ्याच जणांना अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जनेलिया संशोधन संस्थेच्या ॲडव्हान्स्ड इमेजिंग सेंटरमध्ये अर्ज करून जाता आलं. तिथे अर्ज बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासले जातात आणि निवड झाली तर मायक्रोस्कोप वापरायचे पैसे घेत नाहीत. झकास आहे, पण पुण्यातल्या एमएस्सीच्या पोराला व्हर्जिनियाचं तिकीट कोण काढून देणार?

आणि अर्ज घेऊन बाहेरच्यांना वापरू द्यायची ही पद्धत शिकायला तिकडे जायचीही गरज नाही, आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमने भरीव पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी स्टीलच्या दोरांवर ताणून त्या डिश हलक्या आणि स्वस्तात बसवल्या, म्हणजे एका अर्थी तोसुद्धा घरी जोडलेलाच जुगाड, फक्त अवाढव्य. ती वापरायला जगभरातून अर्ज येतात, वर्षातून दोन फेऱ्या होतात, समिती वेळ वाटून देते, आणि ज्याला वेळ मिळाला तो काही स्वतः डिश फिरवत बसत नाही, कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर असतात. अर्ज, समिती, ऑपरेटर. शेअर्ड फॅसिलिटी काढणारे यातलं अर्ज आणि समिती लगेच उचलतात आणि ऑपरेटर विसरतात, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो.

तर पहिली पायरी मायक्रोस्कोपची नाहीच, माणसाची आहे. मी आजवर जे होमबिल्ट सेटअप धूळ खात पडलेले बघितलेत ते बहुतेक सगळे कुणाचा तरी थिसिस सबमिट झाला त्याच्या आसपास बंद पडलेत. लेझर ठीक, कॅमेरा ठीक, पण तो कुठला आरसा किती फिरवायचा हे ज्याला माहीत होतं तो पोस्टडॉकला जर्मनीला गेला. म्हणून खुलं करायच्या आधी प्रमुखांकडून एक गोष्ट लेखी घ्या, की या मायक्रोस्कोपसाठी एक माणूस असेल ज्याचं काम हेच आहे, तो पीएचडीचा विद्यार्थी नसेल आणि त्याचा आठवड्यातला किमान निम्मा वेळ युजरबरोबर बसण्यात जाणार हे सगळ्यांना मान्य आहे. प्रोजेक्टच्या पैशातून तीन वर्षांची पोस्ट काढली तरी चालेल, पण मग तिसरं वर्ष लागायच्या आत दुसऱ्या कुणाला तयार करायचं. हे मिळत नसेल तर सरळ सांगतो, खुलं करू नका, ओळखीच्या दोन लॅबबरोबर कोलॅबोरेशन करा आणि सुखात राहा.

माणूस मिळाला की फोन-बंद टेस्ट. मी पहिल्यांदा केली तेव्हा सूचनांची अकरा पानं लिहून ज्युनिअरच्या हातात दिली, म्हटलं सगळं बंद आहे, तू सुरू कर आणि बीडचा (चमकणाऱ्या सूक्ष्म मण्यांचा) एक स्टॅक (थरामागून थर घेतलेले फोटो) काढून दाखव, आणि फोन बंद करून चहाला गेलो. तासाभराने आलो तर ती सातव्या पायरीवर अडकलेली.

"दादा, इथे लिहिलंय 'आरसा नेहमीसारखा सेट करणे'. नेहमीसारखा म्हणजे कसा?"

बरोबर होतं तिचं. माझ्या बोटांना माहीत होतं, कागदाला नव्हतं. तो आरसा आता सूचनांमध्ये चार फोटोंसकट आहे, लेझरचा स्पॉट आयरिसच्या (लहानमोठं करता येणाऱ्या भोकाच्या) मध्यावर आला की कसा दिसतो आणि बाहेर गेला की कसा दिसतो ते दोन्ही. टेस्ट वेगवेगळ्या माणसांबरोबर करत राहायची, जोपर्यंत मायक्रोस्कोपशी काही संबंध नसलेला माणूससुद्धा सकाळी आल्यापासून दोन तासांत चांगला बीड स्टॅक काढत नाही तोपर्यंत. आम्हाला पाच फेऱ्या लागल्या.

यानंतरची गोष्ट जोडणाऱ्याला सगळ्यात जड जाते, ती म्हणजे हात बांधून ठेवणं. स्वतः जोडलेला मायक्रोस्कोप म्हणजे कायमचं चालू बांधकाम, रोज काहीतरी सुधारावंसं वाटतं, रात्री नवीन लेन्स टाकून बघितली आणि सकाळी युजर आला की काल चालणारं आज चालत नाही. आम्ही सोमवार-मंगळवार आमचे ठेवले, काय उखडायचं ते उखडा, आणि मंगळवारी संध्याकाळी १०० नॅनोमीटरच्या बीडवर पीएसएफ मोजायचा, म्हणजे एक ठिपका किती पसरट दिसतो ते. आमचं डिटेक्शन ऑब्जेक्टिव्ह (कॅमेऱ्याच्या बाजूचं भिंग) १.१ एनएचं आहे (एनए म्हणजे उजेड गोळा करायच्या क्षमतेचं माप), हिरव्या उजेडात बीडची रुंदी साधारण २४० नॅनोमीटर यायला हवी, २७० च्या वर आली तर बुधवारचा युजर यायच्या आत सगळं होतं तसं परत करायचं. आकडा भिंतीवरच्या कागदावर तारखेसकट लिहायचा, म्हणजे वाद नको. सॉफ्टवेअरचंही तेच, मायक्रोमॅनेजरची जी आवृत्ती चालतेय ती गोठवा, कॉन्फिगरेशन फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर आणि अजून एका जागी ठेवा, आणि त्या पीसीला इंटरनेटपासून लांब ठेवा नाहीतर विंडोज अपडेट बरोब्बर टाइमलॅप्सच्या मध्यावर येतं.

आता अर्ज. आमचा एका पानाचा आहे आणि त्यात खरे प्रश्न चारच आहेत: काय बघायचंय ते एका वाक्यात सांगा, साध्या कॉन्फोकलवर (बऱ्याच संस्थांत असतो तो लेझर मायक्रोस्कोप) ते कसं दिसलं त्याचा फोटो जोडा, सॅम्पलची जाडी, जिवंत की फिक्स केलेलं (रसायनाने मारून जसंच्या तसं टिकवलेलं) आणि कुठला फ्लुओरोफोर (चमकणारा डाय) ते लिहा, आणि शेवटचा, डेटा कोण ॲनालाइज करणार त्याचं नाव. चौथ्या प्रश्नाला बरेच जण गळतात आणि तो त्यासाठीच ठेवलाय. दुसऱ्या प्रश्नामुळे आमचा निम्मा वेळ वाचतो, कारण आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना आमचा मायक्रोस्कोप लागतच नाही. नाव मोठं ऐकून येतात. ४० मायक्रॉनचा फिक्स केलेला काप, त्यात डॅपी (न्यूक्लिअस रंगवणारा डाय) आणि एक अँटिबॉडी, याला लाइटशीट कशाला हवाय? आयसरमध्ये कॉन्फोकल आहे, एनसीसीएसमध्ये आहे, आय-स्टेमच्या पोर्टलवर (देशभरातल्या संशोधन उपकरणांची सरकारी यादी) शोधलं तर तुमच्या घराजवळचं काहीतरी सापडेल. असं सांगितलं की काही जण रागावतात, पण नंतर तेच लोक आपल्या मित्राला आमच्याकडे पाठवतात. नाही म्हणताना एक पथ्य पाळा, कुठे जायचं ते सांगितल्याशिवाय नाही म्हणायचं नाही.

समिती छोटी ठेवा. आमच्यात तीन जण आहेत, एक ऑप्टिक्सवाला, एक बायोलॉजीवाल्या मॅडम आणि एक दुसऱ्या संस्थेतले सर, महिन्यातून एकदा अर्धा तास बसतात. दुसऱ्या संस्थेतला माणूस हवाच, नाहीतर सगळे दिवस आपल्याच मजल्यावरच्यांना जातात आणि ते लोकांच्या लक्षात येतं.

निवड झाली की लगेच तारीख देऊ नका. आधी फोनवर अर्धा तास बोला आणि सॅम्पलचं सगळं खोदून विचारा, कारण युजरला दिलेले तीन दिवस वाया जातात ते नव्वद टक्के सॅम्पलमुळेच. लेझर कुठले आहेत ते सांगा (आमच्याकडे ४०५, ४८८, ५६१ आणि ६४० नॅनोमीटर), नाहीतर कुणीतरी भलताच डाय घेऊन येतं. मीडियातला (सॅम्पल ठेवायच्या द्रवातला) फिनॉल रेड हा रंग काढायला सांगा, तो मागे चमकत राहतो. शेजारच्या खोलीतला स्टॉर्म सेटअपसुद्धा (एकेक रेणू टिपून चित्र जोडणारा मायक्रोस्कोप) आता आमच्याच फॅसिलिटीत धरतात, त्याच्यासाठी कव्हरस्लिप दीड नंबरचीच हवी, म्हणजे ०.१७ मिलीमीटर, ऑब्जेक्टिव्ह तेवढ्याच जाडीसाठी बनवलेलं असतं. ती बारीक बाब आहे असं वाटतं पण कॉलेजच्या कपाटात बहुतेक एक नंबरच्या असतात आणि एका मुलाने दोन आठवडे खपून केलेलं सगळं स्टेनिंग त्यावर होतं, बघवत नव्हतं त्याच्याकडे. तेव्हापासून आम्ही निवड झालेल्या प्रत्येकाला कव्हरस्लिपची डबी आणि दोन काचेच्या कॅपिलरी (बारीक नळ्या) आधीच कुरिअर करतो. खर्च किरकोळ आहे आणि माझ्या मते फॅसिलिटीचा सगळ्यात चांगला खर्च तोच आहे.

एक उदाहरण सांगतो म्हणजे दिवस कसे द्यायचे ते कळेल. जिल्ह्यातल्या एका कॉलेजातल्या मॅडम आणि त्यांची विद्यार्थिनी हायड्रा घेऊन आल्या. हायड्रा हा तसा पुण्याचाच म्हणायचा, आघारकर संस्थेने ज्याच्यावर काम केलं त्या जातीच्या नावातच पुणे आहे, हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे. पाण्याच्या थर्मासमधून एसटीने आणले, येताना सगळे ठणठणीत. पहिल्या दिवशी आम्ही ते एक टक्का लो-मेल्टिंग ॲगरोजमध्ये (एक प्रकारची जेली) कॅपिलरीत भरले, शीट आत टाकली, आणि हायड्रा आक्रसला. परत ताणला, परत आक्रसला. संध्याकाळपर्यंत हातात काय तर एका गोळ्याचे चाळीस स्टॅक. मुलगी रडकुंडीला आलेली आणि मॅडम म्हणाल्या, "सर, आमचे पैसे आणि दिवस दोन्ही गेले ना?" गेले नव्हते, कारण आम्ही कुणालाच तीन दिवसांपेक्षा कमी देत नाही. रात्री बसून ठरवलं की त्यांचा प्रश्न पेशी कुठे आहेत एवढाच आहे, हालचालीचा नाही, मग जिवंत कशाला हवाय. दुसऱ्या दिवशी २ टक्के युरेथेनमध्ये (भूल देणारं रसायन) हायड्रा सैल सोडला, लांबट असतानाच फिक्स केला, न्यूक्लिअस रंगवले, तिसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत सगळा डेटा झाला. तासाच्या हिशोबाने बुकिंग असतं तर त्या दोघी पहिल्याच संध्याकाळी रिकाम्या हाताने परत गेल्या असत्या. पहिला दिवस फसणार हे धरूनच चाला.

खोलीबद्दल आता जरा पुण्याचं बोलू. एसी. आमच्या इमारतीत संध्याकाळी सहाला एसी मध्यवर्ती बंद व्हायचा आणि रात्रीचे टाइमलॅप्स सकाळी बघितले की फोकस भलतीकडेच गेलेला असायचा. ॲल्युमिनियमची मीटरभर पट्टी एका अंशाला २३ मायक्रॉन वाढते, आमचा डिटेक्शनचा हात ३० सेंटिमीटरचा, म्हणजे अंशाला सात मायक्रॉन, आणि शीटच मुळी चार मायक्रॉन जाड. दोन अंशांत खेळ खलास. हे गणित कागदावर मांडून दाखवल्यावर खोलीला वेगळा एसी मिळाला, त्याआधी आठ महिने नुसत्या विनंत्या चालू होत्या. तेव्हा ऑफिसला 'इन्स्ट्रुमेंट सेन्सिटिव्ह आहे' वगैरे लिहू नका, मायक्रॉन लिहा.

वीज. ऑनलाइन यूपीएस लागतोच, पण तेवढ्यावर विसंबून गुरुवारची लांब टाइमलॅप्स लावू नका, पुण्यात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार आहे हे बाहेरगावच्या युजरला माहीत नसतं. पावसाळ्यात ऑब्जेक्टिव्हवर बुरशी चढते आणि एकदा चढली की कोटिंगसकट जाते, म्हणून जून ते सप्टेंबर काम झालं की ऑब्जेक्टिव्ह उतरवून ड्राय कॅबिनेटमध्ये, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास. आणि ढोल. हसू नका. जुलैपासून संध्याकाळी पथकांचा सराव सुरू होतो, आमच्या मागच्या मैदानावर एक होतं, आणि टेबल हवेवर तरंगणारं असलं तरी जमिनीतून येणारे धक्केच ते अडवतं, हवेतून येणारा आवाज सरळ पातळ आरशांवर आदळतो. स्टॅकमध्ये ठराविक अंतराने पट्टे दिसायचे, आम्ही आठवडाभर गॅल्व्होला (लेझर फिरवणाऱ्या छोट्या आरशाच्या मोटरला) दोष देत होतो, शेवटी एका संध्याकाळी सराव थांबला आणि पट्टे थांबले. आता टेबलाभोवती जाड फोमची पेटी आहे आणि ढोलाच्या दिवसांत नाजूक काम सकाळी.

लेझर सुरक्षेवर फार लिहीत नाही, कारण यात चर्चेला जागाच नाही. होमबिल्ट सेटअपमधले लेझर बहुतेक ३-बी वर्गाचे असतात, ५ ते ५०० मिलिवॉट, आणि कंपनीच्या पेटीत जे झाकलेलं असतं ते तुमच्याकडे उघडं असतं. दाराला इंटरलॉक (दार उघडलं की लेझर बंद), त्या त्या तरंगलांबीचे गॉगल, बीमच्या उंचीवर डोळा येईल अशी खुर्ची खोलीत नको, घड्याळ-अंगठ्या बाहेर. पाटी मराठीत लावा, आमची अशी आहे: 'लेझर चालू आहे. आत येण्याआधी दार वाजवावे. आत आलेल्यास परत दिसेलच असे नाही.' इंग्रजी पाटी कुणी वाचत नव्हतं, ही वाचतात.

डेटाचं गणित युजरला पहिल्या फोनवरच ऐकवा. २०४८ गुणिले २०४८ चा कॅमेरा, १६ बिट, एक फ्रेम सव्वाआठ एमबीच्या वर, सेकंदाला १०० फ्रेम घेतल्या तर वीस मिनिटांत एक टीबी. लोक ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन येतात हो. आम्ही दोन गोष्टी करतो, स्टॅक घेतानाच नको त्या कडा कापतो, आणि शेवटच्या दिवशी दुपारनंतर मायक्रोस्कोप बंद करून युजरला फिजी या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचाच डेटा उघडून बसवतो, निदान एक स्टॅक त्याने स्वतः कापून, फिरवून, मोजून दाखवला पाहिजे. डेटा आमच्याकडे ६० दिवस राहील, मग पुसला जाईल, हे अर्जावरच सही घेऊन ठेवतो.

पैसे आणि नाव या दोन विषयांना लोक लाजतात, लाजू नका. दर दिवसावर लावा, तासावर नाही, आणि तीन पातळ्या करा, आपल्या संस्थेचे, इतर कॉलेज-विद्यापीठं, कंपन्या. पहिले तीन दिवस कॉलेजवाल्यांना फुकट ठेवता आले तर ठेवा, त्यांच्याकडे ग्रँट यायच्या आधी दाखवायला चित्र लागतं. पेपरात नाव कुणाचं हे पहिल्या फोनवरच ठरवा. आमचा नियम असा, नुसतं सुरू करून दिलं आणि शिकवलं तर आभारात उल्लेख, प्रयोगच बदलायला मदत केली किंवा ॲनालिसिस केलं तर लेखकांत नाव. हायड्रावाल्या पेपरात माझं नाव कितवं असावं यावर मॅडमनीच फोन केला होता, ते बरं वाटलं.

सुट्या भागांची यादी करताना तीन रकाने पाडा. तापकीर गल्लीत तासाभरात मिळेल ते (केबल, कनेक्टर, एसएमपीएस, छोटे पंखे), भोसरीत लेथवर आठवड्यात करून मिळेल ते (सॅम्पल होल्डर, चेंबर, ब्रॅकेट), आणि परदेशातून यायला महिने लागतील ते. तिसऱ्या रकान्यातल्या ज्या वस्तू बिघडल्या की मायक्रोस्कोपच बंद, त्यांचा एक जोड कपाटात हवा, आमच्या बाबतीत तो गॅल्व्होचा ड्रायव्हर आहे. भोसरीला ड्रॉइंग पाठवताना टॉलरन्स लिहायला विसरू नका, नाहीतर तिथले काका फोन करून विचारतात, "साहेब, पन्नास चालेल का शंभर?" ते मायक्रॉनमध्ये बोलतायत हे मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. ओपनस्पिमवाल्यांनी २०१३ पासून त्यांच्या लाइटशीटची पूर्ण यादी आणि जोडायच्या पायऱ्या सगळ्यांसाठी उघड्या ठेवल्यात, तुमची यादी कशी दिसायला हवी ते तिथे बघा. तुमची यादीही उघडी ठेवा, कारण अर्ज करणाऱ्यांपैकी एखादा म्हणतो की मला रोजच लागणार आहे, त्याला तीन दिवस देण्यापेक्षा स्वतःचा जोडायला मदत करणं सोपं पडतं.

एवढं झालं की आय-स्टेमवर नोंद करा आणि नोंदीत काय जमतं त्याच्याइतकंच ठळक काय जमत नाही ते लिहा. आमच्या नोंदीत पहिलीच ओळ आहे की दोन मिलीमीटरपेक्षा मोठं आणि अपारदर्शक सॅम्पल आणू नये. आणि पहिला बाहेरचा युजर जानेवारी-फेब्रुवारीत बोलवा. हवा कोरडी असते, ढोल नसतात, एसीवर फारसा ताण नसतो, आणि काही बिघडलंच तर मार्च संपायच्या आत बिल घालायला वेळ असतो.